मध्ययुगीन चर्चचं लाकडी छप्पर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः इंग्लंड आणि उत्तर फ्रान्समधल्या, साधारण ११५० ते १५२० या काळातल्या चर्चच्या छपरांबद्दल आहेत. वासा, तुळई, आढं, पाखं, वळचण, कुसू, खोबण हे शब्द आपल्याकडचे सुतार वापरतात त्याच अर्थाने घेतले आहेत. ज्या भागांना मराठीत नाव नाही, त्यांची तिकडचीच नावं ठेवली आहेत.

दगडी कमानींचं छत असताना वर पुन्हा लाकडी छप्पर कशासाठी?

दगडी छत, म्हणजे व्हॉल्ट, पाऊस अडवत नाही. चुन्याच्या सांध्यांतून पाणी मुरतं, थंडीत ते गोठून फुगतं आणि सांधे उकलतात. त्यामुळे मोठ्या कॅथेड्रलमध्ये दोन छतं असतात. खालून दिसतं ते दगडी आणि त्याच्या वर, अंधारात, लाकडी. दोन्हींचा भार वेगवेगळा भिंतींवर उतरतो. लाकडी छप्पर व्हॉल्टवर टेकलेलं नसतं आणि टेकलेलं आढळलं, तर काहीतरी खचलं आहे असं समजावं.

बांधायचा क्रमही लोकांना वाटतो त्याच्या उलटा असे. भिंती उठल्या की आधी लाकडी छप्पर चढायचं आणि मग त्याच्या आडोशाला, कोरड्यात, गवंडी दगडी व्हॉल्ट बांधायचे. छपराच्या तुळयांवर रहाट बसवून खालून दगड ओढून घेता येत. असे माणसांनी आत चालून फिरवायचे मोठे लाकडी रहाट बेव्हर्ली मिन्स्टरमध्ये आणि कँटरबरीच्या बेल हॅरी मनोऱ्यात आजही आहेत.

खालून दगडी दिसतं ते खरंच दगडी असतं का?

दर वेळी नाही. यॉर्क मिन्स्टरचं नेव्ह, म्हणजे लोक बसतात ते मधलं लांबट दालन, इतकं रुंद आहे की तिथलं छत दगडी दिसत असलं तरी लाकडाचं आहे. ईलीच्या कॅथेड्रलमध्ये १३२२ साली मधला मनोरा कोसळला. त्याच्या जागी अष्टकोन उभारला आणि त्यावर जो कंदिलासारखा मनोरा बसवला, तोही लाकडीच. त्याचे आठ उभे खांब प्रत्येकी सुमारे ६३ फुटांचे, म्हणजे १९ मीटरचे आहेत. हे काम राजाचा सुतार विल्यम हर्ली याचं. एवढी झाडं शोधणं हाच त्या कामातला मोठा भाग होता.

गावोगावच्या साध्या चर्चमध्ये मात्र व्हॉल्ट बहुधा नसतोच. मान वर केली की थेट वासे दिसतात.

वासे भिंतींना बाहेर ढकलतात म्हणजे नेमकं किती?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. छपराचे जेवढे प्रकार पुढे येतात, ते सगळे याच एका प्रश्नाची उत्तरं आहेत.

पत्त्यांचं घर करताना दोन पत्ते एकमेकांना टेकवले की त्यांचे पाय घसरतात, तसंच इथे होतं. आकड्यात पाहू. नेव्ह १० मीटर रुंद, वाशांच्या जोड्या ६० सेंटीमीटरवर आणि कौलांसह छपराचं वजन उताराच्या दर चौरस मीटरला १०० किलो धरू. उतार ५५ अंशांचा असेल तर वाशांची एक जोडी प्रत्येक भिंतीला सुमारे १८० किलोच्या बळाने बाहेर रेटते. तेच छप्पर ३० अंशांचं केलं तर रेटा ३०० किलोंवर जातो, आणि तोही पाखं आखूड होऊन एकूण वजन कमी झालेलं असताना. ३० मीटर लांबीच्या नेव्हमध्ये अशा ५० जोड्या, म्हणजे उभ्या छपरातही एकेका भिंतीवर नऊ टनांचा आडवा रेटा. तो दिवसरात्र, शेकडो वर्षं.

जाड दगडी भिंत उभं वजन आनंदाने पेलते, पण माथ्यावरचा आडवा रेटा तिला सोसत नाही. ती हळूहळू कलते, ती कलली की वासे पसरतात, आणि वासे पसरले की उतार कमी होऊन रेटा आणखी वाढतो.

म्हणूनच उतार एवढा उभा ठेवत का?

ते एक कारण. दुसरं कारण आच्छादनाचं. गवत, लाकडी फळ्या आणि साधी सपाट कौलं यांच्यातून पाणी आत येऊ नये म्हणून ४५ अंशांच्या वरचा उतार लागतो. बर्फ त्यावर फार काळ टिकत नाही. तोटा असा की उभ्या छपरावर वारा जोरात आदळतो आणि लाकूड व कौलं जास्त लागतात.

पंधराव्या शतकात इंग्लंडमध्ये हे चित्र पालटलं. शिशाच्या पत्र्याला उतार फारसा लागत नाही. तेव्हा नेव्हच्या भिंती उंच करून त्यांत खिडक्यांची रांग काढायची आणि वर जवळजवळ सपाट छप्पर टाकायचं, अशी पद्धत आली. जुन्या उभ्या छपराची रेघ अनेक चर्चच्या मनोऱ्यावर, नेव्हच्या बाजूला, उलट्या ‘व्ही’सारखी अजून दिसते. कित्येकदा ती आताच्या छपराच्या वर, उघड्यावर असते.

प्रत्येक जोडीला खालून तुळई बांधली की प्रश्न मिटला, नाही का?

मिटतो, पण परवडत नाही. दहा मीटर लांब, सरळ आणि तीस सेंटीमीटर चौरस निघेल असा ओक दुर्मीळ आणि महाग. असे पन्नास आणणार कुठून? शिवाय व्हॉल्टचा माथा अनेकदा भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच असतो, मग तुळई त्याला अडते.

म्हणून तुळई दर तीन-चार मीटरवर एक, आणि मधल्या जोड्या बिनतुळईच्या. त्या मधल्या जोड्यांचा रेटा भिंतीवरच्या आडव्या लाकडातून शेजारच्या तुळईपर्यंत पोचवायचा. दोन तुळयांमधल्या जागेला आपल्या वाड्यांत खण म्हणतात, इथेही तोच शब्द चालेल. वाशाच्या पायथ्याशी एक छोटा त्रिकोण असतो. भिंतीच्या जाडीवर आडवं ठेवलेलं आखूड लाकूड, त्याच्या बाहेरच्या टोकात वाशाचा पाय आणि आतल्या टोकावरून वाशापर्यंत जाणारा उभा ठोकळा. हा त्रिकोण वाशाचा पाय घट्ट धरतो. या कोपऱ्यात धूळ, पाखरांची घरटी आणि गळतीचं पाणी साठतं, त्यामुळे कुजायला सुरुवातही इथूनच होते.

एक गंमत लक्षात घ्या. सात जोड्यांचा रेटा एका तुळईने ओढून धरला तरी ती ओढ सव्वा टनाच्या आसपास. तीस सेंटीमीटरच्या ओकला ती काहीच नाही. तुळई जाड ठेवायची ती स्वतःच्या आणि तिच्यावर उभ्या केलेल्या खांबाच्या वजनाने वाकू नये म्हणून. ताण खरा जाणवतो तो तुळईच्या टोकाच्या सांध्याला.

क्राउन पोस्ट आणि किंग पोस्ट यांत फरक काय?

दोन्ही तुळईच्या मध्यावर दिसतात, म्हणून घोळ होतो.

क्राउन पोस्ट हा आखूड खांब. तो तुळईवर उभा राहतो, पण माथ्यापर्यंत जात नाही. वाशांच्या जोडीला मध्याच्या उंचीवर जोडणारं आडवं लाकूड म्हणजे कॉलर. सगळ्या कॉलरखालून चर्चच्या लांबीभर एक लांब लाकूड जातं आणि क्राउन पोस्ट त्याला खालून टेकू देतो. त्याच्यापासून चार दिशांना वाकडे धिरे, म्हणजे तिरके टेकू, निघतात. तेराव्या-चौदाव्या शतकात आग्नेय इंग्लंडमध्ये, विशेषतः केंटमध्ये, हा प्रकार खूप आढळतो.

किंग पोस्ट माथ्यापर्यंत जातो आणि त्याचे दोन स्वभाव आहेत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तो बहुधा खांबच, भार खाली तुळईवर देणारा. इटलीत तो लोंबतो. वासे त्याला वरून चिमटीत धरतात आणि तो तुळईला मध्यावर लोखंडी पट्टीने उचलून धरतो. त्याचं खालचं टोक तुळईला टेकलेलंही नसतं, मध्ये बोटभर फट ठेवलेली असते. ती फट बघून ‘सांधा निसटला’ म्हणून पाचर ठोकणारे महाभाग असतात. तसं केलं की लोंबतं लाकूड खांब होतं आणि तुळई वाकते.

आपल्याकडच्या इंग्रजी अमदानीतल्या शाळा, कचेऱ्या, रेल्वे स्टेशनं यांच्यावर जी लाकडी कैची, म्हणजे तुळई-वासे-खांबांचा त्रिकोणी सांगाडा, दिसते, ती या दुसऱ्या जातीची. ही कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमधल्या सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातल्या चर्चवर सहाव्या शतकातल्या कैच्या अजून आहेत. तुळयांवर कोरलेल्या मजकुरात सम्राट जस्टिनियनचा उल्लेख हयात म्हणून आणि सम्राज्ञी थिओडोराचा दिवंगत म्हणून येतो, त्यामुळे त्यांचा काळ ५४८ ते ५६५ मध्ये पक्का बसतो.

या छपरांना आढं नसतं हे खरं का?

बऱ्याचशा जुन्या छपरांना नसतं. कोकणातल्या घरात आढ्यावर वासे टेकतात. इथे दोन वासे माथ्याशी एकमेकांत कापून बसवतात आणि एक खुंटी मारतात. माथ्यावर लांबीभर काही नसल्याने सगळ्या जोड्या पुस्तकांच्या रांगेसारख्या एका बाजूला कलंडू शकतात, आणि कलंडतातही. क्राउन पोस्टवरचं लांब लाकूड, पुढच्या काळात वाशांखालून जाणाऱ्या आडव्या पुर्लिन आणि त्यांना दिलेले वाकडे धिरे आले ते हे थांबवायला.

वासे आडवे निजवलेले असतात, म्हणजे रुंद बाजू आकाशाकडे. आजचा इंजिनीअर म्हणेल की उलटं हवं, जास्त मजबूत झालं असतं. बरोबर आहे. पण निजलेला वासा कलंडत नाही आणि खालून कॉलर-धिरे असल्याने त्याला फार वाकायचंही नसतं.

हॅमर बीम म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला फळीसारखा आधार ना?

दिसतं तसं, पण तो एकटा काही पेलत नाही. भिंतीतून आखूड तुळई बाहेर येते, तिच्या टोकावर उभा खांब असतो आणि तिच्याखालून कमानदार धिरा भिंतीलगतच्या खांबात जातो. भार वरून येतो आणि धिऱ्यातून भिंतीच्या बऱ्याच खालच्या भागात उतरतो. रेटा नाहीसा होत नाही, तो फक्त भिंतीच्या माथ्यावरून खाली, जाड आणि वजनदार भागात नेला जातो. बाहेरून त्याच उंचीला दगडी टेकू असतात, ते शोभेसाठी नव्हेत.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चर्चमधलं नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं छप्पर राजा दुसरा रिचर्ड याच्यासाठी ह्यू हर्लंड या सुताराने १३९३ नंतरच्या काही वर्षांत केलं. रुंदी सुमारे ६८ फूट, म्हणजे २०.७ मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. हॅमर बीम आणि मोठी लाकडी कमान यांपैकी खरं काम कोण करतं यावर अभियंते पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत. दोन्ही करतात, आणि वाटणी सांधे किती ढिले झाले यावर बदलते, हे आम्हाला पटतं.

चर्चमध्ये हा प्रकार बघायचा तर पूर्व इंग्लंडमधले नॉरफक आणि सफक हे परगणे गाठावेत. नॅप्टनच्या १५०४ च्या दुहेरी हॅमर बीमवर पंख पसरलेले १३८ देवदूत आहेत. केंब्रिजशरमधल्या मार्च गावचं सेंट वेंड्रेडा चर्च त्याच तोडीचं.

लाकूड किती वर्षं वाळवत?

वाळवतच नसत. झाडं बहुधा थंडीत तोडली जात आणि वर्ष-दोन वर्षांत ती छपरावर चढलेली असत. कारण साधं आहे. ओला ओक कुऱ्हाडीने तासता येतो, वाळलेला ओक पटाशीची धार घालवतो. आणि जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा ठोकताळा धरला, तरी फूटभर जाडीची तुळई वाळायला दहा-बारा वर्षं जातील. तोवर बिशपच बदलायचा!

ओलेपणाची किंमत मोजावी लागते, फक्त ती आधीच हिशोबात धरलेली असते. ओला ओक घनमीटरला हजार किलोंहून जड असतो, वाळल्यावर सातशेच्या आसपास. लांबीत तो जवळजवळ आक्रसत नाही, जाडीत मात्र आक्रसतो. तेही सगळीकडे सारखं नाही. वर्षकड्यांच्या दिशेने आक्रसणं गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट असतं, म्हणून लाकडाला गाभ्यापर्यंत जाणाऱ्या उभ्या भेगा पडतात. त्या पाहून लोक घाबरतात. लांबीच्या दिशेने गेलेली भेग बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तिरकी जाऊन लाकडाच्या कडेला बाहेर पडणारी, किंवा खुंटीच्या भोकांतून रांगेने जाणारी भेग मात्र तपासायला हवी.

हिशोब चुकला की काय होतं ते इंग्लंडमधल्या चेस्टरफिल्डच्या चर्चवर दिसतं. तिथल्या चौदाव्या शतकातल्या शिशाने मढवलेल्या लाकडी शिखराला सुमारे ४५ अंशांचा पीळ पडला आहे आणि टोक जवळपास २.९ मीटर कललं आहे. ओलं लाकूड, आडव्या-तिरक्या धिऱ्यांची कमतरता आणि उन्हात एका बाजूने तापणारं जड शिसं अशी कारणं सांगितली जातात. सैतानाची गोष्टही सांगतात, ती इथे सोडून देऊ.

एका चर्चला किती झाडं लागत?

लहान गावचं नेव्ह घ्या: २० मीटर लांब, ८ मीटर रुंद, उतार ५० अंश, वाशांच्या जोड्या ६० सेंटीमीटरवर. जोड्या ३४, म्हणजे साडेसहा मीटरचे ६८ वासे, १५ बाय १२ सेंटीमीटरचे. त्यांचं लाकूड ८ घनमीटर. पाच तुळयांचे ४ घनमीटर. कॉलर, धिरे, भिंतीवरची लाकडं, पायथ्याचे त्रिकोण आणि क्राउन पोस्ट मिळून आणखी ९. एकूण २१ घनमीटरच्या आसपास तासलेलं लाकूड, ओलं असताना २२-२३ टन.

वासा बहुधा एका बारीक झाडातून एकच काढत, गाभा मध्ये ठेवून. म्हणजे शंभराच्या घरात बारीक झाडं आणि पाच मोठी. ‘शेकडो वर्षांचे महावृक्ष’ ही समजूत इथे गळून पडते. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या छपराबाबतही अभ्यासकांचा हिशोब असाच निघाला. बहुतेक लाकडं २५ ते ३० सेंटीमीटर व्यासाच्या, दाटीने वाढलेल्या आणि म्हणून सरळ, तरुण झाडांची होती.

कौलांचा हिशोब निराळा. वरच्या उदाहरणात दोन्ही पाखी मिळून २६० चौरस मीटर. चौरस मीटरला ६० सपाट कौलं धरली तर साडेपंधरा हजारांवर कौलं आणि १८ टन वजन, म्हणजे वाळलेल्या सांगाड्यापेक्षाही जास्त. कौलाचं माप इंग्लंडमध्ये १४७७ च्या कायद्याने साडेदहा इंच बाय सव्वासहा इंच असं ठरवून दिलं होतं.

खिळे वापरत नसत का? मग सांधे टिकतात कसे?

फळ्या आणि कौलांच्या रिपांना खिळे असत. सांगाड्याला नाही. ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंड खातं आणि भोवतीचं लाकूड निळं-काळं पडतं.

सांगाड्याचा मुख्य सांधा म्हणजे कुसू आणि खोबण: एका लाकडाच्या टोकाची जीभ आणि ती बसायची दुसऱ्यातली खाच. कुसू साधारण दीड इंच जाड, त्यातून आरपार पाऊण ते एक इंचाची ओकची खुंटी. खुंटी करवतीने कापायची नाही, फाडायची, म्हणजे तंतू सलग राहतात. ती वाळलेली हवी. खरी युक्ती भोकांत आहे. खोबणीच्या दोन्ही गालांना भोक पाडल्यावर कुसवातलं भोक त्याच्याशी तंतोतंत जुळवायचं नाही, ते खांद्याच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडायचं. निमुळती खुंटी ठोकली की ती किंचित वाकत आत जाते आणि सांधा ओढून बसवते. लाकूड वाळून आक्रसलं तरी वाकलेली खुंटी ओढ धरून ठेवते. भोक जास्त सरकवलं तर खुंटी तुटते किंवा कुसवाचं टोक फाटतं. भोक टोकाच्या फार जवळ पाडलं तरी तेच.

जास्त जुन्या, बाराव्या-तेराव्या शतकातल्या छपरांत कुसवाऐवजी एक लाकूड दुसऱ्यावर अर्धं कापून बसवलेलं दिसतं, आणि ते ओढलं जाऊन निसटू नये म्हणून कडेला खाच मारलेली. असा सांधा दिसला तर छप्पर जुनं असण्याची शक्यता बरीच.

सगळं जमिनीवर करून मग वर चढवत असत का?

हो, आणि एवढी अचूकता आली ती त्यामुळेच. वेस्टमिन्स्टर हॉलचं लाकूडकाम सरेमध्ये फार्नमजवळ घडवलं आणि गाड्या व होड्यांतून लंडनला आणलं.

१. सपाट जागेवर एका जोडीची पूर्ण मापाची आकृती दोरी आणि खडूने आखायची.
२. तासलेली लाकडं आकृतीवर, एकमेकांवर रचायची. ती वाकडीतिकडी असणारच, म्हणून ओळंबा सोडून वरच्या लाकडाचा नेमका आकार खालच्यावर उतरवायचा. माप घेऊन कापत नाहीत, एक लाकूड दुसऱ्यावरून आखतात.
३. सांधे कापायचे, गिरमिटाने भोकं पाडायची, तात्पुरत्या खुंट्या घालून जुळवून पाहायचं.
४. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच खूण करायची.
५. सगळं सुटं करून वर न्यायचं, एका टोकाकडून क्रमाने उभं करायचं आणि मगच पक्क्या खुंट्या ठोकायच्या.

दुसरी पायरी कळली की एक गोष्ट आपोआप कळते: एका जोडीचा कॉलर दुसरीत बसत नाही. दुरुस्तीत सुटे केलेले भाग मिसळले की हाल होतात.

लाकडांवरचे रोमन आकडे म्हणजे तारखा का?

नव्हेत, त्या जुळवणीच्या खुणा. चार हा चार उभ्या रेघांनी लिहितात आणि नऊसाठी पाचाच्या खुणेपुढे चार रेघा. आयव्ही, आयएक्स ही रूपं टाळतात, कारण लाकूड उलटं धरलं की चारचे सहा होतात. डावी-उजवी बाजू ओळखायला एकीवर जादा शेपटी काढतात. खुणांचा क्रम मध्येच तुटला असेल तर तिथे कधीतरी लाकूड बदललं आहे किंवा छप्पर उतरवून पुन्हा चढवलं आहे.

मग खरं वय कसं काढतात?

वर्षकड्या मोजून. लाकडात बारीक नळीने छिद्र पाडून पेन्सिलीएवढी कांडी काढतात आणि कड्यांच्या जाड-बारीक क्रमाची त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळणी करतात. साल किंवा सालीखालची शेवटची कडी शिल्लक असेल तर तोडल्याचं वर्ष, कधी ऋतूसुद्धा कळतो. ती तासून गेली असेल पण गाभा आणि बाहेरचं पांढरं लाकूड यांची सीमा दिसत असेल, तर इंग्लिश ओकसाठी ९ ते ४१ कड्या पुढे धरतात आणि वर्षाऐवजी पट्टा मिळतो. पन्नासपेक्षा कमी कड्यांचं लाकूड सहसा जुळत नाही.

यातून कधी अनपेक्षित उत्तर निघतं. सॅलिसबरी कॅथेड्रलच्या पूर्वेकडच्या चॅपलच्या छपरातलं काही लाकूड आयर्लंडचं, १२२२ च्या वसंतात तोडलेलं निघालं.

सगळ्यात जास्त काय बिघडतं?

पाणी. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. तुंबलेली पन्हळ, सरकलेलं कौल, शिशाला गेलेला तडा. पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं, तिथलं लाकूड वर्षानुवर्षं ओलं राहतं आणि वाशाचा पाय कुजतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशीला जागा मिळते.

बुरशीने मऊ केलेल्या ओकमध्ये डेथवॉच बीटल नावाचा भुंगा अंडी घालतो. अळी लाकडात दहा-दहा वर्षं राहू शकते. बाहेर पडताना सुमारे ३ मिलिमीटरचं गोल भोक पडतं. जोडीदाराला बोलावण्यासाठी हा भुंगा वसंतात डोकं लाकडावर आपटून टकटक करतो. रात्री आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्यांना ती ऐकू यायची, त्यावरून हे नाव पडलं. जुनी भोकं दिसली म्हणून लगेच औषध फवारायचं नाही. भोकाची कड स्वच्छ, आतलं लाकूड फिकं आणि खाली ताजा भुसा असेल तरच किडा जिवंत आहे. फवारा वरच्या काही मिलिमीटरमध्येच राहतो आणि अळी आत खोल असते. लाकूड कोरडं केलं की ती आपसूक उपाशी पडते.

शिशाची दुखणी वेगळी. शिसं स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकतं, त्यामुळे उभ्या पाख्यावर मोठा पत्रा लावला की तो खिळ्यांपाशी फाटतो. छपराखाली हवा खेळत नसेल तर पत्र्याच्या आतल्या बाजूला दव साठतं, ओकची आम्लं त्यात मिसळतात आणि शिसं खालून पांढरं होऊन झडतं. वरून बघणाऱ्याला ते कळतच नाही. गेल्या शतकात चर्चना हीटर आणि उबेसाठी आतलं अस्तर आल्यावर हा त्रास वाढला.

कुजलेली तुळई बदलावी की जोडावी?

शक्यतो जोडावी. आधी पाणी बंद करायचं. मग कुजलेला भाग कापून चांगल्या लाकडाला लांब तिरका सांधा काढायचा आणि नवं ओक जोडायचं. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या किमान तीनपट ठेवावी. बोल्ट किंवा पट्टी लागलीच तर स्टेनलेस स्टीलची, साधं लोखंड नको. इमारत आहे तशी जपत थोडकं दुरुस्त करण्याचा हा विचार १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि मंडळींनी लंडनमध्ये संस्था काढून मांडला, आणि इंग्लंडमधले चर्चचे सुतार आजही तो पाळतात.

पोकळीत इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी कृत्रिम राळ, ओतून मोकळं होण्याचा मोह आवरा. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आक्रसतं, इपॉक्सी नाही. दोघांच्या मधल्या फटीत पाणी साठतं आणि पुढचं कुजणं आतल्या आत, नजरेआड होतं.

कललेली भिंत जोर लावून सरळ करायची नसते. छप्पर त्या कललेल्या अवस्थेत शतकानुशतकं स्थिरावलेलं असतं. आधी दोन-तीन वर्षं मापं घेऊन हालचाल चालू आहे का ते पाहायचं. थांबलेली असेल तर नुसतं लक्ष ठेवणं पुरतं.

जुन्या जहाजांची लाकडं वापरत असत ना?

समुद्रापासून दूरच्या गावातही हे ऐकायला मिळतं. रिकाम्या खोबणी दिसल्या की लोक जहाज म्हणतात. त्या बहुधा आधीच्या छपराच्या किंवा पाडलेल्या घराच्या असतात. वाकडी लाकडं वाकड्या फांद्यांतून मुद्दाम निवडलेली असतात.

सफकमधल्या ब्लिदबर्ग चर्चच्या छपरावरच्या लाकडी देवदूतांना लागलेले शिशाचे छर्रे प्युरिटन, म्हणजे चर्चमधल्या मूर्तींना विरोध करणाऱ्या पंथाच्या, सैनिकांचे, हीदेखील तशीच गोष्ट. छपरात घुसणाऱ्या जॅकडॉ नावाच्या छोट्या कावळ्यांना मारायला बार भरल्याचा खर्च अठराव्या शतकातल्या चर्चच्या हिशोबवहीत आहे.

नोत्र दाम पुन्हा लाकडातच का बांधलं? लोखंड किंवा काँक्रीट का नाही?

दोन्ही पर्याय फ्रान्समध्ये आधी वापरून झाले आहेत. शार्त्रच्या कॅथेड्रलचं छप्पर १८३६ मध्ये जळालं, तिथे लोखंडी सांगाडा आणि तांब्याचा पत्रा आला. रॅंसच्या कॅथेड्रलचं १९१४ मध्ये तोफांच्या माऱ्यात जळालं, तिथे वास्तुविशारद आंरी दन्यू यांनी काँक्रीटचे छोटे भाग जोडून सांगाडा केला. दोन्ही टिकून आहेत, त्यामुळे ‘लाकडाशिवाय गत्यंतर नव्हतं’ हे खरं नाही.

पॅरिसमध्ये १५ एप्रिल २०१९ च्या आगीत मध्ययुगीन सांगाडा गेला, तसंच वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकचं एकोणिसाव्या शतकातलं शिखरही. दगडी व्हॉल्टने बरीचशी आग वरच अडवली. जळालेल्या सांगाड्याची तपशीलवार मोजणी आधीच झालेली होती, म्हणून तो तसाच करता आला. नेव्ह आणि कॉयर, म्हणजे वेदीकडचा भाग, यांच्या सांगाड्यासाठी ओला ओक कुऱ्हाडीने तासला, शिखर धरून सगळ्या कामाला दोन हजारांच्या आसपास ओक लागले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल उघडलं. हाताने तासण्याला हौसेखेरीज कारण आहे. कुऱ्हाड तंतूंच्या ओढीने जाते, करवत त्यांना आडवी कापते. किंचित वाकडं झाड करवतीने सरळ केलं की तंतू मध्येच तुटतात आणि लाकूड तिथे कमकुवत होतं.

गोव्यातल्या चर्चना हे लागू पडतं का?

थोडंच. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, त्यामुळे तिथली चर्चेस मध्ययुगानंतरची. तिथे बर्फ नाही, पाऊस मात्र चार महिने कोसळतो. उतार कमी, वळचण लांब, आणि शत्रू डेथवॉच बीटल नसून वाळवी, जी कोरडं लाकूडही सोडत नाही. वर लिहिलेला औषधाबद्दलचा सल्ला म्हणून तिथे जसाच्या तसा वापरू नका. रेट्याचं गणित, भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकाशी हवा खेळू देणं आणि पन्हळी पावसाआधी साफ करणं हे मात्र सारखंच.

प्रत्यक्ष पाहायला गेलं तर कुठून सुरुवात करावी?

दुर्बीण आणि टॉर्च घ्या. आधी बाहेरून माथ्याची रेघ पाहा. ती मध्ये खचली आहे की सगळी एकीकडे झुकली आहे? आत आल्यावर नेव्हच्या एका टोकाला उभं राहून खांबांच्या रांगेवरून नजर फिरवा, भिंतींचा कल लगेच दिसतो. मग तुळईचं टोक आणि भिंत यांच्यातली फट शोधा, काळे डाग कुठे आहेत ते पाहा, आणि खुंट्यांची डोकी बाहेर आलेली दिसली तर घाबरू नका. ती मुळातच लांब ठेवलेली असतात.